किल्ले, चर्च आणि मधली नदी

प्रवासवर्णनाची समीक्षा मराठीला नवी नाही. लेखकाने काय पाहिले, काय गाळले, स्थळापेक्षा स्वतःलाच किती मिरवले, याची झाडाझडती आपले टीकाकार कित्येक दशके घेत आले आहेत. मात्र या प्रांतातला एक प्रकार त्यांच्या नजरेतून निसटला असावा, असे आम्हांला वाटते. हा प्रकार छापला जात नाही. तो ध्वनिक्षेपकातून ऐकवला जातो. सहलीच्या बसमध्ये चालकाशेजारी उभा राहून मार्गदर्शक दिवसभर जे बोलतो, ते एक संपूर्ण कथन असते. त्याला आरंभ असतो, शेवट असतो, नायक असतात, विनोदाच्या ठरलेल्या जागा असतात. गोव्याच्या इतिहासावरील चांगली मराठी पुस्तके वर्षाकाठी किती जण उघडतात, हे आपल्या ग्रंथालयांची नोंदवही सांगेल. हे कथन मात्र हंगामात रोज बसगणिक ऐकले जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनात तेच गोव्याचा इतिहास म्हणून घर करते. म्हणून एखाद्या ग्रंथाला लावावी तीच कसोटी त्यालाही लावून पाहावी, असा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने याला आणखी एक कारण आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी अनेकांची कुलदैवते गोव्यात आहेत. देवदर्शनाच्या निमित्ताने तरुण पिढी गोव्यात येते, दोन दिवस समुद्रावर घालवते आणि एक दिवस ‘दर्शनीय स्थळां’च्या सहलीला देते. त्या एका दिवसात आपल्या पूर्वजांच्या भूमीविषयी जे कानांवर पडेल, तेवढेच बहुधा त्यांच्या पदरी राहणार. ते कितपत पुरे आहे, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा आहे.

सहलीचा आराखडा

आमच्या मंडळातील सहा जण गेल्या हिवाळ्यात पणजीहून अशा एका सहलीत सामील झालो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, असा नऊ तासांचा कार्यक्रम. आग्वाद आणि रेइश मागूश हे दोन किल्ले, दुपारचे जेवण, मग जुने गोवे आणि परतीच्या आधी मंगेशी. बसमध्ये इंदूरची दोन आणि बडोद्याचे एक कुटुंब होते. उरलेली मंडळी पुण्या-मुंबईची. मार्गदर्शक तिशीतला गोमंतकीय तरुण होता. हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कोकणी या चारही भाषांत तो लीलया संचार करी. वडीलधाऱ्यांना ‘काका’, ‘काकी’ म्हणून आदराने बोले, उतरताना हात देई, कोणाची टोपी राहिली तर धावत जाऊन आणून देई. त्याच्या सौजन्यात काडीचीही उणीव नव्हती, हे आधीच नमूद करतो. पुढील टीका त्या व्यक्तीवर नसून त्याच्या हाती दिलेल्या संहितेवर आहे.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे वेळेची टिपणे ठेवण्याची खोड आम्हांला जडली आहे. त्या टिपणांनुसार आग्वादला पंचेचाळीस मिनिटे, रेइश मागूशला तीस, बॉम जेझुस चर्चला पस्तीस, से कॅथीड्रलला वीस आणि मंगेशीला तीस मिनिटे मिळाली. काजू आणि मसाल्यांच्या दुकानापुढे बस पन्नास मिनिटे उभी होती. कोणत्याही कथनात लेखकाने कशाला किती पाने दिली, त्यावरून त्याचा कल कळतो. येथेही तो कळला.

कथनाची जात

मार्गदर्शकाचे हे बोलणे कोणत्या जातीचे आहे? आमच्या मते त्याचे सर्वांत जवळचे नाते स्थलपुराणाशी आहे. तीर्थक्षेत्राचा उपाध्याय जसा ‘येथे अमुक देवाने पाऊल ठेवले, तमुक ऋषीने तप केले’ असे सांगत यजमानाला पुढे पुढे नेतो, तसेच हे. फरक इतकाच की उपाध्यायाच्या पुराणात एका स्थळाची कथा दुसऱ्या स्थळात गुंतलेली असते. सकाळी नदीकाठी ऐकलेल्या शापाचा उःशाप संध्याकाळी डोंगरावर मिळतो. यात्रेकरूच्या मनात क्षेत्राचे एक अखंड चित्र तयार होते.

सहलीच्या संहितेत नेमका हाच धागा तुटलेला असतो. प्रत्येक स्थळ हे सुटे मणी. प्रत्येकाचे वर्णन तीनच मापांनी होते: किती जुने, किती मोठे, किती चमत्कारिक. आग्वादचे बांधकाम १६१२ साली पुरे झाले, दीपगृह १८६४ चे, पाण्याच्या टाकीत तेवीस लाख शहात्तर हजार गॅलन पाणी मावे. बॉम जेझुसची पायाभरणी १५९४, अभिषेक १६०५. से कॅथीड्रलचा आरंभ १५६२, मुख्य बांधकाम १६१९ मध्ये पुरे, लांबी ७६ मीटर. हे आकडे त्याने अचूक सांगितले, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. आकड्यांत चूक नव्हती. परंतु आकडा हा इतिहासाचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर कोण राहत होते, हे विचारल्यावाचून पत्त्याचा उपयोग काय?

पाणी आणि पहारा

किल्ल्यांपासून सुरुवात करू. आग्वाद या नावाचा अर्थ पाण्याची जागा. लांबच्या सफरीवरून आलेली जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत. मांडवीच्या मुखावर तोफा आणि पोटात पाणी, असा हा किल्ला. दर्यावर्दी सत्तेला जमिनीवर काय लागते, याचे इतके सुबोध उदाहरण विरळा. मार्गदर्शकाने टाकीचे आकारमान सांगितले, चित्रपटांची नावे सांगितली आणि छायाचित्रांसाठी जागा दाखवल्या.

त्याने सांगितले की हा किल्ला ‘कधी कोणी जिंकला नाही’. हे वाक्य ऐकताच श्रोत्यांनी मान डोलावली. पण तो जिंकायचा प्रसंग कोणावर आला होता, हे कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी जवळजवळ सगळा बार्देश व्यापला होता. त्यांच्या हाती लागले नाहीत ते आग्वाद आणि रेइश मागूश हे दोनच किल्ले. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी उत्तरेकडे वसई घेतली. म्हणजे ज्या दोन किल्ल्यांवर आम्हांला सकाळी नेण्यात आले, त्यांचे खरे महत्त्व एकाच वर्षात आणि एकाच वाक्यात सांगता येण्याजोगे होते: वसई गेली, बार्देश गेला, आणि या दोन तटांनी नदीचे मुख तेवढे राखले. हे कळले असते तर १५५१ मध्ये उभारलेल्या रेइश मागूशच्या बुरुजावरून समोर पणजीकडे पाहताना त्या अरुंद पाण्याचा अर्थ उमगला असता. त्याऐवजी तेथील वारा छान आहे, इतकेच सर्वांच्या लक्षात राहिले.

आग्वादचा खालचा कोट दीर्घकाळ तुरुंग होता. गोवामुक्तीच्या लढ्यातील सत्याग्रही येथे कोंडले गेले. मुक्तीनंतरही २०१५ पर्यंत तो मध्यवर्ती कारागृह म्हणून चालू राहिला आणि पुढे २०२१ मध्ये तेथे स्मारक-संग्रहालय झाले. आमच्या कार्यक्रमात वरचा कोट होता, खालचा नव्हता. सत्याग्रहींचा उल्लेख बस सुटताना एका वाक्यात झाला.

वसईचा दगड, वसईच्या घंटा

दुपारी जुने गोवे. येथील चर्च आणि मठ १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. बॉम जेझुससमोर उभे राहून मार्गदर्शकाने सांगितले की ‘बघा, हे चर्च मुद्दाम गिलावा न करता लाल दगडात ठेवले आहे.’ हे मात्र खरे नाही. जांभ्याच्या या भिंती मुळात चुन्याच्या गिलाव्याखाली होत्या. १९५०च्या दशकात पोर्तुगीज अमदानीतच, जुनाट दिसावे म्हणून, तो गिलावा उतरवण्यात आला. तेव्हापासून हा सच्छिद्र दगड दर पावसाळ्यात झिजतो आहे, आणि गिलावा पुन्हा चढवावा अशी मागणी खुद्द चर्चच्या मंडळींकडूनच झाली आहे. ज्या कोकणी माणसाने जांभ्याचे घर बांधले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. वास्तूच्या आजच्या आजारपणालाच तिचे सौंदर्य म्हणून दाखवणे, हा या संहितेचा केवळ प्रमाद नव्हे. तिच्या दृष्टीचा तो नमुना आहे. आज जे दिसते तेच पहिल्यापासून होते, असे ती गृहीत धरते.

त्याच दर्शनी भागावर काळ्या दगडातले कोरीवकाम आहे. हा काळा दगड गोव्याचा नव्हे. तो वसईकडून समुद्रमार्गे आणलेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर कोकणातला कातळ दक्षिणेत येऊन चर्चच्या कपाळावर बसला. पुढे १७३९ मध्ये वसई पडल्यावर तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आपल्या बोलीत वाक्प्रचार होऊन बसली आहे. भीमाशंकराच्या आवारातल्या घंटेवर क्रूस आजही दिसतो. दगड गेला दक्षिणेला, घंटा आली घाटावर. ज्या बसमध्ये पुण्या-नाशिककडची माणसे बसली आहेत, त्यांना हे सांगायला किती वेळ लागला असता? आमच्या अंदाजाने दीड मिनिट. आणि मग ते चर्च त्यांना ‘दुसऱ्यांचे’ वाटले नसते.

दंड आणि हुकूम

चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचे शव आहे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्याचा मृत्यू झाला. १६२४ पासून शव या चर्चमध्ये आहे. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेली संगमरवरी समाधी १६९८ मध्ये उभी राहिली. दर दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शनसोहळ्यांपैकी ताजा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाला. हे सारे सांगून झाल्यावर मार्गदर्शकाने चमत्कारांच्या तीन कथा सांगितल्या. श्रद्धेच्या कथांना आमचा आक्षेप नाही. पंढरीत उभे राहून कोणी विटेची कथा सांगू नये, असे आपण म्हणत नाही.

आक्षेप आहे तो याला, की याच समाधीशी निगडित अशी एक घटना आहे जी प्रत्येक मराठी माणसाने येथे ऐकायला हवी, आणि ती सांगितली गेली नाही. १६८३ मध्ये संभाजीराजांनी गोव्यावर चढाई केली. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी राजधानीच्या तोंडाशी असलेला जुवे बेटावरचा किल्ला घेतला. तो परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्को द ताव्होरा, कसाबसा जीव वाचवून परतला. शहर पडणार अशी हाय खाऊन लोक याच चर्चमध्ये गोळा झाले. व्हाइसरॉयने संताची शवपेटी उघडवली, आपला अधिकारदंड तिच्यात ठेवला आणि राज्य संताच्या हवाली केले, असे वृत्तांत सांगतात. पुढे मुघल शहाजादा शहाआलमची फौज कोकणाच्या रोखाने आल्याने संभाजीराजांना वेढा सोडून वळावे लागले. गोवेकर पोर्तुगीजांनी त्याचे श्रेय संताला दिले. मराठी इतिहासकार औरंगजेबाच्या डावपेचांना देतात. दोन्ही बाजूंचा इतिहास एका पेटीपाशी येऊन भिडतो, अशी ही जागा आहे.

आणि त्याचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. याच व्हाइसरॉयने सात महिन्यांनी, २७ जून १६८४ रोजी, हुकूम काढला की प्रजेने आपली बोली टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषेचा अंगीकार करावा. संकटातून वाचलेल्या सत्तेला पहिली भीती वाटली ती लोकांच्या जिभेची. सीमाभागात राहणाऱ्या, शाळेच्या भाषेसाठी आणि कचेरीच्या भाषेसाठी पिढ्या झिजवलेल्या आमच्यासारख्यांना या तारखेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण ती तारीख कोणी उच्चारायला तर हवी!

वाद नको

से कॅथीड्रलच्या बाहेर इंदूरच्या एका वयस्क बाईंनी विचारले, “भाऊ, ही चर्चेस बांधायच्या आधी इथे काय होतं हो?” मार्गदर्शक हसून म्हणाला, “काकी, ते खूप जुनं आहे. पुढे बघू.” पुढे बघणे झाले नाही.

त्याची अडचण आम्हांला समजते. बसमध्ये सर्व धर्मांची माणसे असतात. कोणाच्या भावनेला धक्का लागला तर तक्रार मालकाकडे जाते. म्हणून संहितेतून वादाचे सारे विषय काढून टाकलेले असतात. हे शहर आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या दिवशी, विजापूरकरांकडून जिंकले म्हणून हे कॅथीड्रल त्या संतिणीच्या नावाचे आहे. पण विजापूरकर कोण, हे सांगायचे नाही. थोड्याच अंतरावर सेंट काजेतान चर्चजवळ आदिलशाही वाड्याचे म्हणून दाखवले जाणारे दगडी दार एकटेच उभे आहे. त्या वाड्यात पोर्तुगीज गव्हर्नरही राहिले आणि १८२० मध्ये तो पाडला गेला. बस तेथे थांबत नाही. कॅथीड्रलच्या परिसरातच धर्मन्यायसभेची कचेरी होती. १५६० पासून, मध्ये थोडा खंड पडून, १८१२ पर्यंत ती चालली. तिचेही नाव काढायचे नाही.

अप्रिय ते वगळावे, हा शिष्टाचार झाला. पण त्यातून होते असे की, जे सांगितले जात नाही ते माणसे दुसरीकडून ऐकतात, आणि तेथे ते अर्धवट, तिखटमीठ लावून आणि द्वेषाच्या फोडणीसह मिळते. शांतपणे, तारखेनिशी आणि दोन्ही बाजूंनी सांगितलेला अप्रिय इतिहास कोणाला भडकवत नाही. भडकवतो तो कुजबुजलेला इतिहास. या सहलीने कोणालाही दुखावले नाही. तिने कोणाला जागेही केले नाही.

मधली नदी

याचे सर्वांत ठळक उदाहरण मंगेशीला घडले. चर्चनंतर देऊळ, असा क्रम. मार्गदर्शकाने दीपमाळ दाखवली, मंगेशकर घराण्याचे हे गाव असे सांगितले, आणि अर्ध्या तासात परत यायला सांगितले. देव मूळचा येथला नव्हे, हे त्याने सांगितले नाही. तो साष्टीतल्या कुठ्ठाळीचा. १५६०च्या सुमारास, देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा, भक्तांनी लिंग उचलून नदीपार अंत्रुज महालात आणले. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली ती अशीच. आणि नदीच्या या तीरावर त्या वेळी राज्य कोणाचे होते? विजापूरच्या आदिलशहाचे. एका सत्तेच्या तडाख्यातून निसटलेले हिंदू देव एका मुसलमान राजाच्या मुलखात सुखरूप राहिले. पुढे शाहू महाराजांच्या काळात आणि पेशवाईत त्यांच्या देवळांना थोर आश्रय मिळाला. कवळ्याचे देऊळ नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि मंगेशी गाव पेशव्यांकडून देवस्थानाला मिळाले.

सहलीने एका दुपारी चर्च दाखवले आणि देऊळही दाखवले. दाखवली नाही ती मधली नदी. त्या नदीवाचून चर्च हे एक सुंदर चर्च राहते, देऊळ हे एक सुंदर देऊळ राहते. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी अंधारात होडीत देव घेऊन ती नदी ओलांडली, त्यांचे वंशज प्रसादाची पुडी घेऊन बसमध्ये बसतात आणि त्यांना काहीच ओलांडल्यासारखे वाटत नाही.

बस जिथे जात नाही

आता न दाखवलेल्या स्थळाविषयी. साष्टीत, झुवारीच्या काठी, रायतूर नावाचे गाव आहे. किल्ले आणि चर्च एकत्र पाहायचे असतील तर मराठी माणसाने पहिल्यांदा येथे जावे. येथील कोट १५२० मध्ये विजयनगरच्या फौजेने विजापूरकरांकडून घेतला आणि पोर्तुगीजांना दिला. कोटाचे आता दरवाजाखेरीज फारसे काही उरलेले नाही. त्या दरवाजातून आत गेले की टेकडीवर धर्मशिक्षणाची भव्य इमारत दिसते. तिचा पाया १६०६ चा. येथेच १६१६ मध्ये एक ग्रंथ छापला गेला. मराठी भाषेत, ओवीछंदात, सुमारे अकरा हजार ओव्यांचा: ‘क्रिस्तपुराण’.

लेखक फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये तो गोव्यात आला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. चाळीस वर्षांतला बराच काळ त्याने साष्टीत काढला, येथल्या लोकांत राहून येथली पुराणे ऐकली आणि त्यांच्या वळणावर बायबलची कथा रचली. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी ऐकायला दुसरे काही द्या. या विनंतीत त्या काळाचे सारे दुःख आणि सारी रसिकता सामावली आहे. धर्म बदलला तरी ओवीची भूक बदलली नव्हती. स्टीफन्सने त्या ग्रंथात मराठीची जी स्तुती केली, ती आपल्या शाळकरी मुलांना निदान नावाने ठाऊक असते. त्याने कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मागे १६४० मध्ये रायतूरलाच छापले गेले. मराठी-कोकणीच्या वादात आपण जे दोन काठ कल्पितो, त्या दोन्ही काठांवर या एका माणसाचे पाय आहेत.

१६१६ चा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापलेला होता. त्या मूळ आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूरला तो रोमन लिपीतच पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती निघाली. म्हणजे मराठीने तो आपल्या लिपीत छापून वाचायला तीनशे चाळीस वर्षे लागली. रायतूरला मराठी बस न्यायला आणखी किती लागावीत?

आल्व्होरच्या काउंटचा १६८४ चा हुकूम आणि स्टीफन्सचे १६१६ चे पुराण शेजारी ठेवून पाहावे. एकाच चर्चच्या छायेत एक माणूस लोकांची भाषा शिकून तिला अलंकार चढवतो आणि सत्तर वर्षांच्या आत दुसरा ती भाषा बंद करू पाहतो. ‘चर्चवाले असे होते’ किंवा ‘तसे होते’ अशा एका वाक्यात हा इतिहास बसत नाही. हे एवढे जरी सहलीतून कळले तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणावेत.

श्रोत्यांचा वाटा

दोष केवळ सांगणाऱ्याचा नाही. आम्ही बसमधल्या मंडळींचेही निरीक्षण केले. किल्ल्यावर उतरताच पुणेकर तरुणांनी शिवरायांचा जयघोष केला. आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांनी डचांना रोखण्यासाठी बांधलेला आहे, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. चर्चमध्ये तीच मंडळी पाच मिनिटांत बाहेर आली आणि सावलीत बसली. ‘किल्ला आपला, देऊळ आपले, चर्च त्यांचे’ अशी वाटणी मनात पक्की झाली की मग किल्लाही दिसत नाही आणि चर्चही दिसत नाही. श्रोता जसा, तसे कथन घडते. कीर्तनकार पूर्वरंग आटोपून उत्तररंगात लवकर येतो, तो श्रोते जांभया देतात म्हणूनच.

कोणी म्हणेल, सहल ही करमणूक आहे. नऊ तासांत किती सांगणार? प्रश्न रास्त आहे. परंतु वर जे जे राहून गेले म्हणून सांगितले, ते सारे मोजून वाचले तर पंधरा मिनिटांचा ऐवज होतो. काजूच्या दुकानात पन्नास मिनिटे होती. शिवाय धागा सांगितल्याने करमणूक कमी होत नाही, वाढते. वसईचा दगड आणि वसईची घंटा ही गोष्ट ऐकून कोणते मूल कंटाळेल?

आमची सूचना साधी आहे. निरनिराळ्या गावांतल्या आपल्या मराठी मंडळांनी गोव्याची सहल काढताना स्थळांची संख्या निम्मी करावी आणि एकच धागा धरावा. एक मार्ग असा: सकाळी जुने गोवे, तेथून फेरीबोटीने दिवाडी बेट, बेट ओलांडून पुन्हा फेरीने नार्वे. सप्तकोटेश्वर हा कदंबांचा देव. त्याचे दिवाडीवरचे देऊळ आधी बहामनी काळात आणि मग पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाले. देव नदीपार नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे राज्य सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा भक्तांसाठी खुले झाले. या मार्गावर नदी दोनदा ओलांडावी लागते, आणि पायी बोटीत उभे राहूनच ओलांडावी लागते. दुसरा मार्ग: कुठ्ठाळी, रायतूर, मंगेशी. कोट, पुराण आणि देव, एकाच नदीच्या साक्षीने.

अशा प्रत्येक मार्गासाठी चार पानांची मराठी पुस्तिका तयार करणे आपल्या सभेला कठीण नाही. त्यात आकडे थोडे असावेत आणि धागे ठळक असावेत; अप्रिय ते तारखेनिशी असावे; आणि मार्गदर्शकाच्या हाती ती आदल्या दिवशी द्यावी. आमच्या त्या तरुण मार्गदर्शकाला परतीच्या वाटेवर रायतूरच्या पुराणाविषयी सांगितले, तेव्हा त्याने वहीत नाव लिहून घेतले आणि विचारले, “काका, हे वाचायला कुठे मिळेल?” ज्याच्या तोंडून हंगामभर शेकडो माणसे गोवे ऐकणार आहेत, त्याच्या या प्रश्नाला पुस्तक हातात देऊन उत्तर देणे हे आपले काम आहे.